कर्जतच्या घरातला समुद्र

स्वतःच्या शब्दाला जागणारी माणसं पुष्कळ भेटतात, पण दुसऱ्याच्या शब्दाला जागणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. आमचे दाजी. आपण एखादं वाक्य सहज बोलून जावं आणि विसरावं. दाजी ते वाक्य उचलून घरी नेत, त्यावर झोपत आणि सकाळी उठून कामाला लागत. कर्जतच्या एका कचेरीत ते नकला करून देणारे कारकून होते. मूळ कागदात जे असेल ते जसंच्या तसं उतरवायचं, मूळ कागदात चूक असेल तर ती चूकसुद्धा इमानाने उतरवायची, हे त्यांचं काम. माझं मत असं की ही खोड कचेरीतून त्यांच्या अंगात शिरली. ताईचं मत असं की खोड आधीपासूनच होती, म्हणून तर कचेरीने त्यांना घेतलं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी ताई वैतागून म्हणाली होती, "या घरात एक भिंत सरळ नाही." तिचं कपाट भिंतीला टेकेना, एवढंच तिला म्हणायचं होतं. दाजींनी रविवारी कुणा गवंड्याचा ओळंबा मागून आणला, सगळ्या भिंती तपासल्या, "तुझं बरोबर आहे, स्वयंपाकघराची फारच वाकडी आहे," असं म्हणाले आणि ती पाडायला घेतली. नवी भिंत उभी राहीपर्यंत ताई अंगणात स्वयंपाक करत होती. मी खोपोलीला बिऱ्हाड केलं तेव्हा शिष्टाचार म्हणून म्हणालो, "या कधीतरी राहायला." दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने दाजी वळकटी घेऊन दारात. कचेरीतले साहेब एकदा उकाड्याने हैराण होऊन म्हणाले की या पंख्यापेक्षा पुठ्ठ्याने वारा घेतलेला बरा. दुपारच्या सुट्टीनंतर प्रत्येक टेबलावर कापलेला पुठ्ठा होता आणि पंखा बंद होता. यात टोमणा नव्हता हो, लबाडी तर नव्हतीच. माणूस बोलला म्हणजे त्याला तसं हवं असणार, असा त्यांचा साधा विश्वास होता. त्यांच्यासमोर बोलताना मी शब्द तोलून बोलायला शिकलो, ते शाळेत कुणी शिकवू शकलं नव्हतं.

हे सगळं चालून गेलं असतं, पण त्यात आबा आले. आबा म्हणजे दाजींचे वडील. नेरळजवळ पोशीरला एकटे राहायचे, भाताची थोडी खाचरं होती ती स्वतः करायचे. एका पावसाळ्यात बांधावरून घसरून पडले. कमरेला मार बसला, उठता येईना, आणि खाचराच्या चिखलात किती वेळ पडून होते ते त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. गुरं हाकत जाणाऱ्या एकाला दिसले म्हणून वाचले. दाजींनी त्यांना कर्जतला आणलं, ताईने शेकवलं, खायला घातलं. पायात थोडं बळ आलं तसे आबा पोशीरला पळाले. पुन्हा आणलं, पुन्हा पळाले. एकदा तर "भाजी आनतो" म्हणून पिशवी घेऊन निघाले ते पिशवीसकट पोशीरला पोचले. जमीन खंडाने दुसऱ्याला दिली होती, घराचं छप्पर गळत होतं, तरी जायचेच. ताई मला म्हणाली, "अरे, पुन्हा पडले आणि या वेळी कुणाला दिसलेच नाहीत तर?" त्या घरात त्या दिवसांत एकच चिंता होती, म्हाताऱ्याला इथे थांबवायचं कसं.

एका दुपारी मी तिथे असताना दाजींनी सरळच विचारलं, "आबा, इथे तुम्हाला कमी काय आहे?"

आबा तंबाखू मळत होते. "तुज्या कर्जतात हाय काय रं?" ते म्हणाले. "टेशन हाय, कचेरी हाय. समुद्र हाय का? समुद्र असता तर बसलो असतो बघत दिसभर."

आबांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. एसटी लागते म्हणून चौक गावाच्या पुढे ते कधी गेलेच नव्हते. तोंडाला आलं ते बोलले. पण दाजींनी ते वाक्य उचललेलं मला दिसलं.

"म्हणजे समुद्र असला तर राहाल?" दाजींनी विचारलं.

"राहीन की," आबा म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीने पोशीरला गेले.

पुढच्या आठवड्यात ताईच्या बाहेरच्या खोलीत काचेची एक लांबलचक टाकी आली. दाजींनी ती मुंबईच्या एका काचवाल्याकडून चिकटवून आणली होती. लोखंडी चौकट नको, खारं पाणी लोखंड खातं, एवढी माहिती त्यांनी काढली होती. शोभेचे मासे पाळणारी माणसं तेव्हा मुंबईत होती, पण ती गोड्या पाण्यातली. खाऱ्याचं नाव काढलं की दुकानदार हात झटकायचे. दाजींना त्याचं काही वाटलं नाही. रेवस बंदराकडून खोपोलीच्या बाजाराला मासळीचा टेंपो यायचा. दाजींनी लोधिवलीला हमरस्त्यावर उभं राहून तो थांबवला आणि टेंपोवाल्याला मासळी न मागता पाणी मागितलं. "इतकी वर्सं मासली नेतो," तो टेंपोवाला म्हणाला, "पन पानी मागनारे तुमीच पयले." मग ठरलेल्या वारी तो किनाऱ्यावरून पाणी भरून आणायचा आणि दाजी ते लोधिवलीहून एसटीने कर्जतला न्यायचे. कंडक्टरने विचारलं, डब्यात काय आहे? दाजी म्हणाले, समुद्र. कंडक्टरने थोडा विचार करून सामानाचं तिकीट फाडलं.

पहिली चूक डब्यांची झाली. गोडेतेलाचे पत्र्याचे डबे ताईने राखेने घासघासून दिले होते, तरी पाण्यावर तेलाचा तवंग आणि खाली गंज. टेंपोवाल्याने खडकातल्या डबक्यांतून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे चिमुकले मासे आणून दिले होते, ते दोन दिवसांत उलटे झाले. दाजींनी कचेरीत किरकोळ रजेचा अर्ज दिला आणि कारण लिहिलं, "समुद्र बिघडला आहे." साहेबांनी तो मंजूर केला, बहुधा पुठ्ठ्याची आठवण ताजी होती म्हणून. मग प्लास्टिकचे कॅन आले, पाणी स्वच्छ आलं, नवे मासे तगले, पण आठवडाभरात पाणी गढूळ व्हायचं आणि वास सुटायचा. समुद्र एवढा मोठा, त्यात माशांनी काय करायचं ते करावं, कळतही नाही. इथे त्यांचं खाणं, त्यांची घाण, सगळं त्याच काचेत. दाजी टाकीसमोर पाट टाकून तासन्‌तास बसायचे आणि मला विचारायचे, "पण मग समुद्राचं पाणी धुतं कोण?" मी इतिहासाचा मास्तर. मी म्हणायचो, "बघू हं," आणि लगेच जीभ चावायचो, कारण 'बघू' म्हटलं की संध्याकाळी ते विचारणार, "बघितलंत का?"

उत्तर त्यांना पोशीरला मिळालं. आबांना पुन्हा एकदा आणायला ते गेले होते. मीही बरोबर होतो. पावसाचे दिवस होते. आबा बांधावर उभे आणि दाजी त्यांची समजूत घालायची सोडून पाण्याकडे टक लावून बसलेले. डोंगराकडून येणारं लाल पाणी वरच्या खाचरात शिरत होतं, तिथे गाळ टाकत होतं, बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्या खाचरात पडत होतं, तिथून त्याच्या खालच्या. शेवटच्या खाचरातून ओढ्याकडे निघालेलं पाणी इतकं निवळ होतं की तळाचं गवत दिसत होतं. दाजी लहानपणापासून हे बघत आलेले, पण त्या दिवशी प्रथमच पाहिल्यासारखे बघत होते. आबांना न घेताच आम्ही परतलो. गाडीत दाजी माझ्या गुडघ्यावर बोटाने खाचरं काढत होते.

घरी आल्यावर त्यांनी खडूने जमिनीवर आराखडा काढला. ताई त्याला ओलांडून ये-जा करत होती आणि खडू तिच्या पायाने पुसला की दाजी पुन्हा काढत होते. मोठ्या टाकीच्या खाली दुसरी टाकी ठेवायची. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात उभा पाइप, त्याचं तोंड पाण्याच्या पातळीला. त्याच्या वर चढेल ते पाणी आपोआप खाली पडेल. खालच्या टाकीत काचेच्या पट्ट्या उभ्या चिकटवून बांध घालायचे. पहिल्या खाचरात पाणी नुसतं थांबेल आणि घाण खाली बसेल. दुसऱ्यात शिंपल्यांचा चुरा आणि जाडी वाळू, त्यातून ते झिरपत जाईल. तिसऱ्यात समुद्राचं शेवाळ, वर दिवा. आणि शेवटच्यात निवळ पाणी, तिथून पंपाने पुन्हा वर. पंप मिळेपर्यंत काही दिवस ते काम ताईने तांब्याने केलं. येता-जाता चार तांबे वर टाकायची. "मी आहे म्हणून यांच्या समुद्राला भरती येते," ती शेजारणींना सांगायची. मग मुंबईहून हवेच्या कूलरचा छोटा प्लास्टिकचा पंप आला, पाण्याचं चक्र सुरू झालं, आणि खरं सांगतो, आठवड्याने ते पाणी असं नितळ दिसू लागलं की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. मी दाजींची आयुष्यभर थट्टा केली, पण त्या दिवशी मुकाट्याने त्यांच्या शेजारी पाट घेऊन बसलो.

तेवढ्यात एका दुपारी वीज गेली. पंप थांबला, आता पाणी जिथल्या तिथे राहील अशी आमची समजूत. राहिलं नाही. ज्या नळीने पाणी वर चढत होतं त्याच नळीने ते खाली यायला लागलं, खालची टाकी भरली, वाहिली, आणि समुद्र स्वयंपाकघरात गेला. तिथे ताईने तांदळाच्या फेण्या वाळत घातल्या होत्या. ताई धावत आली. नुसती फेण्यांकडे बघत उभी राहिली, आणि दाजी तिच्या शेजारी उभे राहून तिच्या बोलण्याची वाट बघत होते, म्हणजे पुढे काय करायचं ते कळेल. तिने तोंड उघडलं नाही हे तिचं शहाणपण. ती जर "फेकून द्या हे सगळं" म्हणाली असती तर संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली असती.

पंप बंद असताना पाणी उलटं फिरलंच कसं, हे कोडं दाजींनी चार दिवस चघळलं. मग रेशनच्या दुकानात रांगेत असताना त्यांनी पाहिलं, दुकानदाराने पिंपात रबरी नळी सोडली, तोंडाने ओढली, आणि रॉकेल आपलं आपण खालच्या डब्यात पडत राहिलं. थांबवायचं तेव्हा त्याने फक्त नळीचं टोक पिंपातून वर उचललं. नळीत हवा गेली, धार तुटली. आपल्या नळीचं टोक टाकीत खोल बुडवलेलं होतं, हीच चूक. दाजींनी रॉकेल न घेताच घर गाठलं आणि नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडलं. आता वीज गेली की पाणी त्या भोकापर्यंत उतरायचं, भोकातून हवा शिरायची आणि सगळं थांबायचं. तेवढं पाणी मावेल इतकी जागा खालच्या टाकीत रिकामी ठेवायची. दाजींनी मला मुद्दाम बोलावून बटण बंद करून दाखवलं. रॉकेल नसल्यामुळे त्या दिवशी चहा मिळाला नाही.

तरी मासे कोपऱ्यात मलूल बसू लागले. पाणी तर आरशासारखं. दाजींनी सगळं तपासलं. पाणी रोज थोडं आटायचं आणि ते इमानाने कॅनमधल्या समुद्राने भर घालायचे. समुद्रात गोडं पाणी घालणं ही त्यांना भेसळ वाटत होती. ताई आमटी ढवळत सगळं ऐकत होती. म्हणाली, "आमटी आटली की तुम्ही वरून आमटीच घालता का? पाणी घालता ना? आटतं ते पाणी, मीठ कुठे जातंय?" दाजींनी बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं आणि विहिरीवर गेले. मासे हळूहळू हिंडू लागले. त्यानंतर टाकीतलं पाणी चाखायचं काम ताईकडे आलं. सकाळी आमटी चाखायची, मग समुद्र.

एवढं झाल्यावर दाजी पोशीरला गेले आणि आबांना म्हणाले, "समुद्र आलाय. चला." आबांना आपण काय बोललो होतो ते आठवतसुद्धा नव्हतं. तरी आले. आम्ही सगळे त्यांच्यामागे उभे. आबांनी टाकीकडे पाहिलं, काचेला नाक लावलं. मासे इकडून तिकडे गेले. आबा म्हणाले, "बरं हाय. पन कालवनाला पुरंल का?"

दाजींचा चेहरा उतरला. इतक्या महिन्यांचा खटाटोप, भिजलेल्या फेण्या, लोधिवलीच्या फेऱ्या, आणि म्हातारा पिशवी शोधायला वळला. वळताना त्याची नजर खाली गेली. पाणी पडण्याचा आवाज खालून येत होता. आबा कमरेवर हात ठेवून हळूच वाकले, मग सरळ जमिनीवर बसले. "अरं," ते म्हणाले, "ही तर खाचरं हायेत."

दाजींनी समजावून सांगायला सुरुवात केली, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आबांनी बोटाने पाणी कुठून आलं, कुठे थांबलं, कुठून उतरलं ते सगळं काचेवर फिरवून पाहिलं. दुसऱ्या खाचरातली वाळू एका बाजूला जास्त आहे म्हणाले. मग शेवटच्या खाचरापाशी बोट थांबलं. त्यात पाणी सारखं येत होतं, अगदी सारखं.

"आपली खाचरं गावाच्या खालच्या अंगाला," आबा माझ्याकडे बघत म्हणाले, कारण मी बाहेरचा. "सगल्यात शेवटची. वरचा सोडंल तवा आमाला पानी. त्यानं बांधाचं तोंड बुजवलं की आमी बसायचं आभालाकडं बघत. इचारायची सोय नवती. माज्या बापाला नवती, मलाबी नवती." त्यांनी शेवटच्या खाचराच्या काचेवर बोट टेकवलं. "हितं कुनी अडवत नाय रं."

त्या दिवशी आबा पोशीरला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. ताईने जमिनीवर गोधडी घालून दिली आणि आबा तिथे बसू लागले, खालच्या टाकीसमोर. वरच्या समुद्राकडे त्यांनी पुन्हा फारसं पाहिलं नाही. आळीतली माणसं, कचेरीतली माणसं, स्टेशनातले हमाल, सगळे कर्जतला आलेला समुद्र बघायला यायचे आणि आबा त्यांना खालची खाचरं दाखवायचे. बुद्धपौर्णिमेला खिरीला आलेली मंडळी खीर हातात घेऊन तिथेच बसायची. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर आणि घड्याळावर मिठाची पांढरी साय यायची, ती ताई रोज ओल्या फडक्याने पुसायची आणि दाजींच्या नावाने काहीतरी पुटपुटायची, पण ऐकू जाणार नाही इतक्या हळू. वीज गेली, आवाज थांबला की आबा बेचैन व्हायचे. "वरच्यानं बांध घातला," म्हणायचे. कर्जतला वीज काय कमी वेळा जायची? वीज आली, पंप गुरगुरला, पाणी पुन्हा पडू लागलं की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. "सोडलं वरच्यानं," असं स्वतःशी म्हणायचे आणि तंबाखूची डबी उघडायचे.

अशी बरीच वर्षं गेली. आबा पुढे अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांची खाट त्याच खोलीत होती. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं, नुसतं ऐकायचे. जाण्याच्या आदल्या दिवशी मी भेटून आलो. दाजी कचेरीला निघत होते. आबांनी त्यांना हाक मारली आणि जे ते रोजच म्हणायचे तेच म्हणाले, "पानी चालू ठेव रं."

आता टाकीत मासे नाहीत. ते आपलं आयुष्य जगून गेले, टेंपोवाला म्हातारा झाला, समुद्र आणायला कुणी राहिलं नाही. ताई म्हणते, मीठ पुसायचं तेवढं वाचलं. मागे एका दुपारी मी गेलो होतो. दाजी कधीचे निवृत्त झालेत, ऐकायला जरा कमी येतं. वरच्या टाकीत विहिरीचं साधं पाणी होतं, खाली खाचरांत वाळू होती, आणि पंप चालू होता. मी विचारलं, "दाजी, वर काही नाही, खाली काही नाही. कशाला चालवता हा?"

दाजींनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "आबांनी सांगितलंय ना," ते म्हणाले.

मला त्यांना सांगता आलं असतं की दाजी, म्हातारा माणूस सवयीने बोलला. पण तेवढ्यात वीज गेली. पाण्याचा आवाज थांबला. ताई पदर खोचून दारात येऊन उभी राहिली. वीज बऱ्याच वेळाने आली. पंप गुरगुरला, नळीतून हवा गेली आणि पाणी वरून खाली पडू लागलं. दाजींनी कानामागे हात धरून ते ऐकलं.

"सोडलं वरच्यानं," ते म्हणाले, आणि ताई चहा टाकायला आत गेली.